मचूळ

दादांनी धक्क्याच्या कडेला उकिडवं बसून हात खाली घातला, ओंजळभर पाणी उचललं, जिभेला लावलं आणि थुंकले.

"गोडं," म्हणाले. आणि मीच त्यांना काहीतरी खोटं सांगितल्यासारखं माझ्याकडे पाहिलं.

आम्ही सिअ‍ॅटलच्या फिशरमन्स टर्मिनलवर होतो. १९१४ पासूनचं हे मासेमारी बंदर. पार अलास्कापर्यंत जाणाऱ्या बोटी इथे विसाव्याला येतात. जाळ्यांचे ढीग, गंजलेल्या साखळ्या, डिझेलचा वास आणि डोक्यावर कलकलाट करणारे समुद्रपक्षी. दादांच्या नाकाने, डोळ्यांनी, कानांनी एकच निवाडा दिला होता: खाडी. जिभेने तेवढा वेगळा दिला.

"तू तं म्हणालीस, ही खाडी हाय."

"नावाने आहे. सॅमन बे."

"मंग गोडी कुणी केली?"

कशी झाली, असं नाही विचारलं त्यांनी. कुणी केली, असं विचारलं. पेण तालुक्यातल्या खारेपाटात सत्तर पावसाळे काढलेल्या माणसाला एवढं ठाऊक असतं, की खारं पाणी आपण होऊन गोडं होत नाही. त्यामागे कुणाची तरी पाठ मोडलेली असते.

ज्यांनी खारेपाट पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. आमची जमीन म्हणजे समुद्राकडून उसनी घेतलेली जमीन. पूर्वजांनी खाडीच्या चिखलाचे बांध घातले, भरतीचं पाणी बाहेर अडवलं आणि आतल्या खाजणात भात लावला. बाहेरच्या मोठ्या बांधाला आमच्याकडे बाहेरकाठा म्हणतात. त्या बांधात उघाडी असते. उघाडी म्हणजे फळ्यांचं झुलतं दार. ओहोटीला आतलं पावसाचं पाणी तिला ढकलून बाहेर जातं, भरतीला खाडीच तिला दाबून बंद करते. वीज नको, मोटर नको, माणूसही नको. मात्र कुठे एखाद्या खेकड्याने बिळ पाडलं आणि ते वेळेवर दिसलं नाही, तर एका उधाणात बांधाला खांड जाते, म्हणजे भगदाड पडतं, आणि मग पुढची दोन-तीन वर्षं त्या शेतात फक्त मीठ पिकतं. आषाढात दोन-चार मोठे पाऊस होऊन खार धुऊन गेला, की शेतातलं पाणी चाखून बघायचं आणि मगच लावणी करायची. हे चाखणं दादांच्या हाताला इतकं लागलंय, की गेल्या उन्हाळ्यात आई-दादा सहा महिने माझ्याकडे आले तेव्हा ते प्रत्येक पाणी चाखत सुटले. तळ्याचं, नदीचं, एकदा तर आमच्या सोसायटीतल्या कारंज्याचंही. तिथे मी त्यांना ओढून नेलं.

तर गोडी कुणी केली, ते दाखवायला त्यांना मैलाभरावरच्या बॅलर्ड लॉक्सवर, म्हणजे जहाजं वर-खाली करणाऱ्या पाण्याच्या दारांवर, नेलं.

कागदोपत्री नाव हायरम चिटेंडन लॉक्स. हे चिटेंडन अमेरिकी लष्कराच्या अभियंता दलातले. १९०६ ते १९०८ सिअ‍ॅटलला होते आणि खाडीच्या तोंडाशीच दार बसवावं ही आखणी त्यांची. (त्यांचं नाव मात्र दाराला मिळालं १९५६ साली.) शहराच्या एका अंगाला प्युजेट साउंड, म्हणजे समुद्राचा आत घुसलेला हात, आणि दुसऱ्या अंगाला लेक वॉशिंग्टन हा प्रचंड मोठा गोड्या पाण्याचा तलाव. दोघांच्या मध्ये एक छोटा तलाव, लेक युनियन, आणि ही सॅमन बे. जहाजं समुद्रातून थेट तलावात न्यायची, तर पाणी एका पातळीत हवं. म्हणून खाडीचं तोंड बांधून काढलं, त्यात जहाजांसाठी लॉक बसवलं आणि आतलं पाणी समुद्राच्या ओहोटीपेक्षा २० ते २२ फूट वर धरून ठेवलं. मोठं लॉक ८२५ फूट लांब आणि ८० फूट रुंद आहे. बोट आत येते, मागचं दार लागतं, वरचं पाणी आपल्या उताराने आत भरतं, बोट वर चढते, पुढचं दार उघडतं. इथेही पंप नाही.

दादा कठड्याला रेलून तीन बोटी जाईपर्यंत काही बोलले नाहीत. चौथ्या बोटीला म्हणाले, "अगं, ही तं उघाडीच!"

मग थोड्या वेळाने, स्वतःशीच बोलल्यासारखं: "पर उलटी. आपुन पानी भाईर घालवतो. ही मानसं धरून ठेवतात."

मी अकरा वर्षं या गावात राहते. लॉक्सवर पाहुण्यांना घेऊन निदान पंधरा वेळा आले असेन. हे माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं.

१२ जुलै १९१६ रोजी लॉकची दारं लागली आणि सॅमन बेमध्ये गोडं पाणी भरायला लागलं. त्या दिवसापर्यंत ही साधीसुधी भरती-ओहोटीची खाडी होती. ओहोटीला चिखल उघडा पडायचा. काठावर देवदाराच्या लाकडाच्या गिरण्या होत्या, त्यांची जहाजं चिखलात बसून भरतीची वाट बघायची. त्याही आधी इथे शिलशोल या मूळनिवासी लोकांचं गाव होतं. त्या गावातला एक म्हातारा लॉक्स होण्यापूर्वीपर्यंत दक्षिण काठावर राहायचा. गोरे लोक त्याला सॅमन बे चार्ली म्हणत. शिंपल्या आणि मासे विकायचा. त्याच्या घराचा फोटो अजून बघायला मिळतो: फळकुटांचं घर, काठावर होडी. आमच्या खाडीकाठच्या कुठल्याही कोळ्याच्या खोपटाशेजारी तो लावला तर फरक सांगता येणार नाही.

आता सॅमन. समुद्रात वाढणारा आणि अंडी घालायला गोड्या पाण्यात परतणारा मासा. या लॉकच्या दक्षिण बाजूला माशांसाठी जिना आहे. मूळचा १९१६ चा, दहा पायऱ्यांचा. १९७६ मध्ये तो नव्याने बांधला, तेव्हा एकवीस पायऱ्या केल्या. मासा एकेक पायरी उडी मारत किंवा पाण्याखालच्या भोकातून पोहत वर चढतो. तळघरात काचेच्या खिडक्या आहेत. त्या खोलीत हिरवट काळोख असतो, पोरं काचेला नाकं लावून उभी असतात, आणि पलीकडे बुडबुड्यांच्या पडद्यातून एकेक मासा तोंड प्रवाहाकडे करून नुसता थांबलेला असतो. शेपटी तेवढी हलते. आम्ही गेलो तेव्हा एकाच्या पाठीवर तीन समांतर ओरखडे होते, ताजे, आतलं गुलाबी मांस दिसत होतं. सीलच्या तावडीतून निसटलेला.

आईने काचेला हात लावला. "हा रावसच ना?"

हा आमचा जुना वाद. बाजारात रावसाला 'इंडियन सॅमन' म्हणून विकतात, त्याचा सॅमनशी सुतराम संबंध नाही. मी दर वेळी हे सांगते. आई दर वेळी ऐकून घेते आणि घरी गेल्यावर सॅमनचं कालवण आगळ घालून रावसासारखं करते, आणि जेवताना म्हणते, "तेल लई सुटतं मेल्याला. रावस तो रावस."

पण त्या दिवशी दादांनी काचेसमोर जो प्रश्न विचारला, त्यावर मला घरी येऊन वाचत बसावं लागलं. ते म्हणाले, "ह्या भिंतीच्या अलीकडं गोडं, पलीकडं खारं. मंग मचूळ कुठाय?"

पाठ्यपुस्तकात त्याला निमखारं पाणी म्हणतात. आमच्याकडे मचूळ. ना धड खारं, ना धड गोडं, जिभेवर आल्यावर कळत नाही हसावं की थुंकावं असं. नदी समुद्राला मिळते तिथे मैलोन्‌मैल हेच पाणी असतं, आणि सॅमनला त्याचीच गरज असते. समुद्रात असताना मासा पाणी पितो आणि जादाचं मीठ कल्ल्यांतून बाहेर टाकतो. गोड्या पाण्यात सगळं उलटं: पाणी प्यायचं बंद, कल्ल्यांतून मीठ आत ओढायचं, आणि अंगात शिरणारं पाणी सतत बाहेर टाकत राहायचं. म्हणजे घराची सगळी नळजोडणी उलटी फिरवायची, आणि तीही घरात राहत असताना. ते एका दिवसात होत नाही. मचूळ पाण्यात रेंगाळत, पुढे-मागे करत होतं.

इथे ती रेंगाळायची जागा एका भिंतीएवढी उरली. खालच्या अंगाला थंडगार खारं पाणी, वरच्या अंगाला उन्हाने तापलेलं गोडं. जुलै-ऑगस्टमध्ये लॉकपासून तलावापर्यंतच्या कालव्याचं वरचं पाणी २० अंश सेल्सिअसच्या वर जातं. तुम्हाला-मला ते गार लागेल, सॅमनला तो ताप. म्हणून किंग सॅमन जिना चढून आल्यावरसुद्धा पुढे जात नाहीत. लॉकच्या जवळ, तळाशी जिथे समुद्राचं थोडं गार पाणी शिरलेलं असतं, तिथेच दिवसेंदिवस दबा धरून बसतात.

ते पाणी शिरतं कसं, हा भाग दादांना सांगावा लागला नाही. "खारं पानी बुडातून येतं," ते म्हणाले. "जड असतं." अगदी तसंच. मोठ्या लॉकचं वरचं दार उघडलं, की खाऱ्या पाण्याची जीभ तळाने आत सरकते. तिला रोखायला १९६६ मध्ये लॉकमध्ये आडवा अडसर बसवला. लॉकच्या वरच्या बाजूला खोल खड्डा केलाय, आत आलेलं खारं त्यात साचतं आणि तिथून नळाने परत बाहेर सोडलं जातं. त्यातलंच थोडं माशांच्या जिन्यात मिसळतात. म्हणजे मचूळ पाणी आहे, पण मापाने, नळाने. शंभर वर्षांपूर्वी फुकट होतं ते.

कोळ्यांना मात्र हा सौदा फायद्याचा पडला, हेही सांगायला हवं. बोटीच्या बुडाला चिकटणारे शिंपले आणि लाकूड पोखरणारा किडा दोन्ही गोड्या पाण्यात मरतात. फिशरमन्स टर्मिनलला बोट उभी केली, की बूड आपोआप साफ. दादांना हे एवढं पटलं की "ह्यांनी बरोबर केलं" असं त्यांनी दोनदा म्हटलं.

आणि सी-लायन, सीलचे थोराड भाऊबंद? त्यांनाही फायद्याचाच. १९८० च्या दशकात हिवाळ्यात येणारे स्टीलहेड मासे, म्हणजे सॅमनचे चुलतभाऊ, जिन्याच्या पायथ्याशी गर्दी करून थांबायचे, आणि कॅलिफोर्नियाहून आलेले सी-लायन तिथे पंगतीला बसायचे. शहराने त्या सगळ्यांना मिळून हर्शेल असं नाव ठेवलं. त्यांना हाकलायला पाण्यात फटाके फोडले, रबरी गोळ्या मारल्या. काहींना उचलून दूर कॅलिफोर्नियात सोडलं, तर ते पोहत परत आले. १९९६ मध्ये फायबरग्लासचा खोटा ओर्का देवमासा पाण्यात सोडला. हर्शेल मंडळींनी त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. आमच्या शेतातल्या बुजगावण्यावर कावळा बसतो, तीच गत. मात्र स्टीलहेड संपत आले, आणि खापर फुटलं सी-लायनवर. अरे पण एवढ्या मोठ्या खाडीचं तोंड बंद करून माशांना एकच बोळ ठेवला कुणी? पत्रावळ मांडायची आणि मग जेवायला बसणाऱ्याला बोल लावायचा.

या सगळ्यात मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट लॉक्सवर नाही, तलावाच्या दुसऱ्या टोकाला घडली. ऑगस्ट १९१६ च्या अखेरीस लेक वॉशिंग्टनचं पाणी नव्या कालव्याने या बाजूला सोडलं, आणि पुढच्या दोन-तीन महिन्यांत तलाव सुमारे ९ फूट खाली गेला. तोवर तलावाचं पाणी दक्षिणेला ब्लॅक रिव्हर नावाच्या नदीतून बाहेर पडायचं. सॅमनचा जुना रस्ता तोच. तलावच तोंडाखाली उतरल्यावर ती नदी आटली. आटली म्हणजे नाहीशी झाली. सीडर नदी पूर्वी हिच्यात येऊन मिळायची, ती १९१२ मध्येच तलावात वळवलेली होती. डुवामिश जमातीच्या जोसेफ मोझेस यांनी पुढे त्या दिवसांची आठवण सांगितली आहे: पाणी उतरत गेलं, होड्या कोरड्यावर बसल्या, डबक्यांत मासे तडफडत राहिले, आणि लांबून लांबून लोक हसत-ओरडत आले आणि पोत्यांत मासे भरून घेऊन गेले.

हे मी दादांना वाचून दाखवलं तेव्हा ते गप्प झाले. मला माहीत होतं त्यांना काय आठवलं, कारण मलाही तेच आठवत होतं. वलगण. पहिला जोराचा पाऊस पडला, की खाडीतले, ओढ्यातले मासे अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध शेतांकडे चढतात. त्या रात्री आख्खं गाव बत्त्या घेऊन बांधावर. पाग, टोपल्या, कुणाच्या हातात नुसती कोयती. मी सहा-सात वर्षांची असेन. गुडघाभर पाण्यात उभी, पायाला चिवणी घासून जाताहेत, पोटात अंडी असल्याने फुगलेल्या, आणि दादा ओरडताहेत, "पिशवी धर, पिशवी!" आम्हीही हसत होतो. गोणी भरून घरी गेलो. सॅमन वर चढतात त्याला इंग्रजीत एक साधं, धावण्याचं क्रियापद वापरतात. आमच्याकडे त्यासाठी खास शब्द आहे, आणि तो शब्द उच्चारला की तोंडाला पाणी सुटतं. एवढ्यावर थांबते.

नव्या दारातून जाणारे सगळ्यांत नावाजलेले मासे म्हणजे सॉकाय, लाल सॅमन. तेसुद्धा बरेचसे आणलेले: १९३५ पासून उत्तरेच्या बेकर नदीतली पिल्लं इथे सोडली, आणि ती सीडर नदीत रुजली. लॉकच्या काचेसमोर उभं राहून लोक "आमचे सॉकाय" म्हणतात तेव्हा मला त्यात काही वावगं वाटत नाही. मीही इथे आणलेलीच. (परदेशातले मराठी आणि सॅमन ही उपमा मी या लेखात देणार नाही. ती मंडळाच्या प्रत्येक स्मरणिकेत असते. शिवाय सॅमन घरी जातो तो मरायला, आपण जातो डिसेंबरात, दागिने आणायला.) २००६ मध्ये चार लाखांहून जास्त सॉकाय आले, तलावात मासेमारी खुली झाली. ती शेवटची. २०१९ मध्ये मोजणीला १८ हजारसुद्धा भरले नाहीत. जिना चढून गेलेल्यांपैकीही पुष्कळ वाटेतच मरतात. त्या कोमट कालव्यात.

एका रविवारी दादांना दक्षिणेला ऑलिंपियाला नेलं. राज्याची राजधानी. तिथे डेशूट्स नदीच्या मुखावर १९५१ मध्ये धरण घालून खाडीचं गोडं तळं केलंय, राजधानीच्या घुमटाचं प्रतिबिंब छान पडावं म्हणून. गाळ साठला, शेवाळ माजलं, २००९ मध्ये न्यूझीलंडहून आलेल्या बारक्या गोगलगायी सापडल्या आणि तळं लोकांना बंद केलं. २०२२ मध्ये राज्याने ठरवलं की धरण काढायचं आणि भरती परत आत घ्यायची.

दादा माझ्याकडे बघतच राहिले. "फोडनार? सोताहून?"

"हो."

"बांध?"

खारेपाटातल्या माणसाच्या तोंडी तो शब्द ऐकायला हवा. बांध फोडणं ही आमच्याकडे वैऱ्याने करायची गोष्ट. उधाणाच्या रात्री माझा आजा बाहेरकाठ्यावर पेंढा आणि चिखल घेऊन झोपायचा. दादांनी काठ धरून तळ्याला अर्धी फेरी मारली, हिरव्या पाण्याकडे पाहिलं, चाखलं मात्र नाही. मग एकदम म्हणाले, "आपली बी गेलीच की खालची खांडी." आमच्या खालच्या शेताला सोळा वर्षांपूर्वी खांड गेली. तेव्हा बांध दुरुस्त करायला गावात पुरेशी पोरं नव्हती, आणि त्या नसलेल्या पोरांत मी होते. त्या शेतात आता तिवरं आहेत, म्हणजे खारफुटी, डोक्याच्या वर. हा विषय घरात निघत नाही. दादांनी तो राजधानीच्या घुमटासमोर काढला आणि तिथेच मिटवला.

ऑक्टोबरात, ते जायच्या आधी, आम्ही रेंटनला सीडर नदीवर गेलो. तिथलं वाचनालय नदीवर पुलासारखं बांधलंय. पुस्तकं चाळता चाळता खाली मासे दिसतात. सॉकाय पोहोचले होते. अंग लाल, डोकं हिरवं, पाठीला कुबड, कल्ल्यांवर पांढरी बुरशी. एक मादी शेपटीने वाळू-खडे उकरत होती, दोन हात पाण्यात, आमच्यापासून दहा फुटांवर. उकरायची, आडवी व्हायची, प्रवाह तिला मागे न्यायचा, परत जागेवर यायची. आई म्हणाली, "हा खायचा नाही." आणि पदर डोक्यावर घेतला, का ते तिलाच ठाऊक.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात दादांचा फोन आला. तिकडे पहाट होती. पावसाचा आवाज एवढा, की त्यांना ओरडावं लागत होतं.

"खालच्या खांडीवर गेलतो."

"एवढ्या पावसात? एकटे?"

"उघाडीची चौकट हाय अजून. दार नाय, चौकट हाय. तिथं उभा ऱ्हायलो."

"मग?"

"चाखलं."

मी थांबले. पलीकडे आई कुणाला तरी चहाला हाक मारत होती.

"मचूळ," दादा म्हणाले. "तिवराच्या मुळात जिताड्याची पिल्लं हायेत. बोटाएवढी. लई."

मग त्यांनी पत्र्याचा भाव सांगितला. मागच्या पडवीचा पत्रा उडालाय.